काचेवर पाळत ठेवणारा माणूस : जेम्स प्रेस्कॉट ज्यूल

थोर शास्त्रज्ञांची चरित्रे बहुधा एखाद्या क्षणाभोवती गुंफलेली असतात. न्यूटन म्हटले की झाडावरून पडणारे सफरचंद आठवते, आर्किमिडीज म्हटले की स्नानाचे टाके. जेम्स प्रेस्कॉट ज्यूल याच्या चरित्रात असा क्षण शोधू गेल्यास निराशा पदरी येते. तेथे सापडते ती एक साधी नोंद. एक तापमापक वितळत्या बर्फात बुडवायचा, पारा कोठे थांबला ते पाहायचे आणि तारखेनिशी लिहून ठेवायचे. एप्रिल १८४४ मध्ये सुरू झालेली ही नोंद डिसेंबर १८८२ पर्यंत चालली. म्हणजे अडतीस वर्षे! सव्विसाव्या वर्षात असलेला तरुण ती करू लागला आणि चौसष्टीच्या उंबरठ्यावरील वृद्धाने ती थांबविली.

शालेय पुस्तकांतून ज्यूलची आणि आपली ओळख झाली ती ऊर्जेचे एकक म्हणून. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आकड्यापुढे त्याचे नाव लिहायचे, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. कला शाखेकडे वळल्यावर तर तोही संपला. तरीही त्याच्याविषयी चार शब्द लिहावेत असे मला वाटले, ते या नोंदीमुळे. उष्णता आणि काम यांचे नाते त्याने सिद्ध केले, ही त्याची कीर्ती सर्वश्रुत आहे. परंतु ज्या काचेच्या नळीवर ही सारी सिद्धता उभी होती, त्या नळीवरही तो आयुष्यभर पाळत ठेवून होता, ही गोष्ट मला त्याच्या कीर्तीहून मोलाची वाटते.

ज्यूलचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्ड येथे झाला. वडिलांचा बिअर गाळण्याचा मोठा कारखाना होता. घरात सुबत्ता होती, पण मुलाची प्रकृती नाजूक. पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे त्याचे शिक्षण घरीच झाले. पुढे त्याला आणि त्याच्या थोरल्या भावाला शिकण्यासाठी जॉन डाल्टनकडे धाडण्यात आले. अणुसिद्धांत मांडणारा हाच तो डाल्टन. अंकगणित आणि भूमिती यांचेच धडे प्रामुख्याने झाले, आणि १८३७ मध्ये गुरूला पक्षाघात झाल्याने तेही थांबले. पण डाल्टनची एक सवय सांगण्याजोगी आहे. हवामानाची रोजची नोंद तो १७८७ पासून करीत होता आणि १८४४ मध्ये मृत्यू आला त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत त्याने ती सोडली नाही. शिष्याची नोंदवही उघडली तीही १८४४ मध्येच. हा योगायोग असेल. मात्र गुरूकडून पाठापेक्षा सवय अधिक खोल उतरते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेलच.

ज्यूल कधी विद्यापीठात शिकला नाही, कोठे प्राध्यापकही झाला नाही. दिवसा कारखाना सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात प्रयोग, असा त्याचा क्रम होता. बिअरच्या धंद्यात तापमानाला फार महत्त्व असते. आंबवण जरा अधिक तापले की सारा घाणा वाया जातो. तापमापकावर बारीक नजर ठेवण्याचे बाळकडू त्याला तेथेच मिळाले असावे, असा माझा तर्क आहे. १८४० मध्ये, वयाच्या बावीस वर्षांच्या आत, तारेतून वीज वाहताना किती उष्णता निर्माण होते याचा नियम त्याने शोधून काढला. उष्णता ही विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या आणि तारेच्या रोधाच्या प्रमाणात असते, हाच तो नियम.

त्या काळी उष्णता हा एक सूक्ष्म द्रव आहे, तो एका वस्तूतून दुसरीत वाहतो, पण नवा निर्माण होत नाही, अशी अनेक विद्वानांची समजूत होती. ज्यूल म्हणू लागला की काम केले की उष्णता निर्माण होते, आणि ठरावीक कामातून ठरावीकच उष्णता निघते. १८४३ च्या ऑगस्टमध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्याने हे मांडले, तेव्हा सभेत शांतता पसरली. ती आदराची शांतता नव्हती. १८४४ मध्ये हवा दाबल्याने निर्माण होणाऱ्या उष्णतेवरील त्याचा निबंध रॉयल सोसायटीने आपल्या ग्रंथमालेत छापण्यास नकार दिला.

या अविश्वासाला एक सबळ कारण होते. ज्यूलचा सारा पुरावा तापमानातील अतिशय लहान फरकांवर उभा होता. एका कारखानदाराच्या मुलाने अंशाचा शंभरावा हिस्सा वाचल्याचा दावा करावा आणि त्यावर निसर्गाचा महानियम उभारावा, हे विद्वानांना कसे पटावे? तेव्हा प्रश्न उरला तो तापमापकाचा. मँचेस्टरमध्ये जॉन बेंजामिन डान्सर नावाचा कुशल उपकरणकार होता. त्याच्या साहाय्याने ज्यूलने अत्यंत बारीक छिद्राच्या काचनळ्या निवडून, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची जाडी तपासून तापमापक तयार करविले. सरावलेल्या डोळ्याने त्यांवर फॅरनहाइट अंशाचा दोनशेवा हिस्सा वाचता येतो, असे ज्यूल सांगत असे.

पुढचा प्रयोग प्रसिद्ध आहे. तांब्याच्या भांड्यात पाणी, पाण्यात पितळी वल्ह्यांचे चक्र. चक्राच्या दांड्याला दोऱ्या गुंडाळलेल्या आणि दोऱ्यांना शिशाची दोन वजने टांगलेली. वजने खाली येतात, वल्ही फिरतात, पाणी घुसळले जाते. आपल्याकडे रवीने ताक घुसळतात, तसाच प्रकार. १८४९ च्या प्रयोगांत प्रत्येक वजन सुमारे २९ पौंडांचे होते. ते सुमारे ६३ इंच खाली येई; मग पुन्हा वर चढवून सोडायचे, असे वीस वेळा. एवढ्या खटाटोपानंतर पाणी तापे किती? अर्ध्या अंशाहून किंचित अधिक. तापमान सहसा बदलू नये म्हणून हे सारे एका प्रशस्त तळघरात चाले, आणि पाण्याचा हा एकच प्रयोग त्याने चाळीस वेळा केला. त्यातून आकडा निघाला तो ७७२. म्हणजे एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायचे, तर ७७२ पौंड वजन एक फूट खाली येण्याइतके काम खर्ची पडते.

मध्यंतरी १८४७ मध्ये ऑक्सफर्डच्या अधिवेशनात त्याला थोडक्यात आटोपण्याची सूचना मिळाली होती. तेथेही विषय थंडच पडायचा, पण श्रोत्यांत विल्यम थॉमसन नावाचा तेवीस वर्षांचा तरुण प्राध्यापक होता. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून जगप्रसिद्ध झाला तोच हा. ज्यूलच्या प्रतिपादनाने तो गोंधळला, परंतु त्यातील महत्त्व त्याने हेरले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ज्यूलचे अमेलिया ग्राइम्स हिच्याशी लग्न झाले आणि नवदांपत्य आल्प्स पर्वतात गेले. तेथे शामोनीजवळ थॉमसनची आणि त्यांची अचानक गाठ पडली. ज्यूलच्या हाती तापमापक होता आणि धबधब्याच्या माथ्याचे व पायथ्याचे तापमान मोजण्याचा त्याचा विचार होता, अशी आठवण थॉमसनने पुढे सांगितली. मधुचंद्रालाही तापमापक! हसू येते खरे, पण हिशेब पाहा. पाणी एका अंशाने तापायचे, तर धबधबा पाऊणशे नव्हे, जवळजवळ पावणेआठशे फूट उंच हवा. इतक्या लहान फरकांच्या मागे हा माणूस होता.

आता मूळ नोंदीकडे वळू. तापमापकाची हिमबिंदूची खूण एकदा केली की ती कायमची, असे आपण धरून चालतो. बर्फ तेच, पारा तोच, काचही तीच. मग वितळत्या बर्फात पारा दरवेळी त्याच खुणेवर थांबला पाहिजे. ज्यूलला मात्र आढळले की पारा दर खेपेस थोडा वर थांबतो. पहिल्या काही वर्षांत तो भराभर चढला. मग चढण्याचा वेग मंदावला. दहा वर्षांनी पाहिले तरी चढणे चालूच, वीस वर्षांनी पाहिले तरी चालूच. अडतीस वर्षांच्या अखेरीस खूण जवळजवळ एक अंश फॅरनहाइटने सरकली होती. घुसळलेले पाणी तापत होते अर्धा अंश, आणि तापमापकाची स्वतःची खूण सरकली होती त्याच्या जवळजवळ दुप्पट!

मग त्याचे प्रयोग खोटे ठरले काय? नाही. एक प्रयोग सुमारे पस्तीस मिनिटांचा असे, आणि त्याला हवा होता आरंभीच्या व शेवटच्या तापमानातील फरक. तेवढ्या वेळात खूण सरकणे नगण्यच. पण हे त्याला सांगता आले, कारण खूण किती वेगाने सरकते हे त्याने मोजले होते. न मोजता तोच विश्वास बाळगला असता, तर ती केवळ भाबडी श्रद्धा ठरली असती.

पारा का चढत होता? काचेचा फुगा आकसत होता म्हणून. एक अंशाचा चढ म्हणजे फुग्याच्या आकारमानात साधारण बारा हजारांत एक भाग एवढी घट. डोळ्यांना दिसणार नाही, हातांना कळणार नाही. पण बारीक नळीतला पारा ती चहाडी करतो.

काच का आकसते, हे समजायला ती कशी जन्मते ते पाहावे लागेल. पाणी गोठते तेव्हा एका ठरावीक तापमानाला त्याचे रेणू शिस्तीने रांगा करून बसतात आणि बर्फाचा स्फटिक होतो. वितळलेली काच निवते तेव्हा असे होत नाही. ती घट्ट घट्ट होत जाते. आतील कणांना एकमेकांना वाट देत नीट जागा घेण्यास वेळ लागतो, आणि तापमान जसे उतरते तसा हा वेळ बेसुमार वाढतो. अखेर एक टप्पा असा येतो की कणांना जागा घेण्यास जितका वेळ हवा, तितका निवण्याची क्रिया त्यांना देतच नाही. ते असतील तेथे अडकतात. या टप्प्याला काच-संक्रमण म्हणतात. खिडकीच्या साध्या काचेत तो साडेपाचशे अंश सेल्सियसच्या आसपास येतो. त्या वेळी काचेचा घट्टपणा पाण्याच्या घट्टपणाच्या एकावर पंधरा शून्ये इतक्या पट झालेला असतो. पुढे ती दिसते घन, पण आतली मांडणी राहते द्रवासारखी विस्कळीत, आणि निवण्याच्या घाईमुळे थोडी सैलही.

घरोघरचा दाखला द्यायचा तर पायलीने ज्वारी मोजण्याचा देता येईल. धान्य भसकन ओतले की माप शिगोशीग भरल्यासारखे दिसते. मापाला दोन ठोके दिले की धान्य बसते आणि वर जागा होते. पहिल्या ठोक्यांना पुष्कळ बसते, पुढच्यांना थोडे, मग अगदी थोडे. काचेतील कणांना ठोके मिळतात ते त्यांच्या स्वतःच्या उष्णतेच्या थरथरीचे. घरातल्या साध्या तापमानाला ही थरथर संक्रमणाच्या मानाने फारच दुबळी असते. तरीही एखादा कण येथे, एखादा तेथे, किंचित सरून बसतो. वर्षानुवर्षे हे चालते आणि काच तसूतसूने दाट होते. शास्त्रज्ञ याला शिथिलन म्हणतात. आपण काचेचे विसावणे म्हणू.

येथे एका लोकप्रिय गैरसमजाचा उल्लेख करायला हवा. युरोपातील जुन्या चर्चच्या खिडक्यांची तावदाने तळाशी जाड असतात, ती काच शतकानुशतके खाली ओघळल्यामुळे, असे पुष्कळदा सांगितले जाते. हे खरे नाही. ती काच घडवितानाच कमीअधिक जाड होत असे. झानोटो या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने १९९८ मध्ये हिशेब करून दाखविले की साध्या तापमानाला काच तशी ओघळायची तर विश्वाचे आयुष्यही अपुरे पडेल. ज्यूलच्या तापमापकात काच ओघळली नाही, ती जागच्या जागी विसावली. दोन्हींतील फरक ध्यानी घेण्यासारखा आहे.

काचेच्या या संथ स्वभावाच्या मागे त्याच काळात आणखी एक माणूस होता. जर्मनीत रुडॉल्फ कोलराउश लायडन बरणीत उरणाऱ्या विद्युतभाराचा अभ्यास करीत होता. काचेच्या बरणीतील हा भार आरंभी झपाट्याने घटतो आणि नंतर फारच रेंगाळतो, असे त्याला दिसले, आणि १८५४ मध्ये त्याने त्यासाठी एक सूत्र दिले. आरंभी घाई आणि पुढे लांबत जाणारी दिरंगाई सांगणारे ते सूत्र काचेच्या विसाव्यासाठी आजही वापरले जाते. २०१३ मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मोबाइल फोनवर बसविल्या जाणाऱ्या काचेचा तक्ता दीड वर्ष साध्या तापमानाला ठेवून मोजला. तो दहा लाखांत सुमारे दहा भाग आकसला होता. उपकरणे बदलली, पण प्रश्न ज्यूलचाच राहिला.

१८५४ हे साल ज्यूलच्या संसारात मात्र काळे ठरले. कारखाना विकला गेला. त्याच वर्षी अमेलिया वारली आणि नुकतेच जन्मलेले मूलही गेले. दोन लहान मुले पदरी राहिली. ज्यूलने पुन्हा लग्न केले नाही. या दुःखाविषयी त्याच्या तक्त्यात अर्थातच एक अक्षर नाही. १८५४ पूर्वीच्या नोंदी आहेत, आणि नंतरच्याही आहेत. त्या मधल्या रिकाम्या जागेत काय भरले होते याची कल्पना आपण करावी. थॉमसनबरोबर वायूंच्या प्रसरणावरील त्याचे काम याच काळात चालू होते. आजचे शीतकपाट आणि द्रवरूप हवा यांच्याशी त्या कामाचे जवळचे नाते आहे. १८६७ मध्ये त्याने हिमबिंदूच्या सरकण्याची नोंद मँचेस्टरच्या साहित्य व तत्त्वज्ञान मंडळापुढे ठेवली. गंमत अशी की या मंडळाच्या नावात साहित्य आधी येते. आपल्यासारख्यांनी त्यातून थोडा धीर घ्यायला हरकत नाही!

मानसन्मान आले, ते उशिरा. १८५० मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला आणि १८७० मध्ये तिचे कॉप्ली पदक त्याला मिळाले. पण पैसा सरत चालला होता आणि प्रकृती खालावत होती. १८७८ मध्ये सरकारने त्याला सालीना दोनशे पौंडांचे निवृत्तिवेतन दिले. त्याच वर्षी, साठीला टेकलेल्या ज्यूलने घुसळण्याचा जुना प्रयोग नव्या सामग्रीने पुन्हा केला. आकडा आला ७७२.५५.

यानंतरची हकीकत मला सर्वांत हृद्य वाटते. अमेरिकेत बाल्टिमोर येथे हेन्री रोलंड हा तरुण प्राध्यापक १८७९ च्या सुमारास हेच मापन करीत होता. सगळे काचेतील पाऱ्याचे तापमापक हवेच्या तापमापकाशी ताडून पाहिले पाहिजेत, असा त्याचा आग्रह होता. कारण पारा आणि काच दोन्ही आपापल्या तऱ्हेने फुगतात व आकसतात, त्यामुळे त्यांचे अंश सर्वत्र सारखे नसतात. त्याने आपला एक तापमापक इंग्लंडला पाठविला आणि ज्यूलने तो स्वतःच्या तापमापकाशी ताडून पाहिला. परीक्षा होती ती ज्यूलच्याच आकड्याची. जन्मभराच्या कामाची अशी झडती घ्यायला आलेल्या परक्या तरुणाला कोणी दारातूनच परत पाठविले असते. ज्यूलने झडतीला हातभार लावला. दुरुस्ती केल्यावर त्याचे आकडे वर सरकले. आजचे मान्य मूल्य सुमारे ७७८ आहे. म्हणजे म्हाताऱ्याचा आकडा शंभरात एकाहूनही कमी चुकला होता, आणि त्या चुकीत मोठा वाटा तापमापकाचा होता.

१८८४ पासून जर्मनीत जेना येथे ऑटो शॉट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काचेच्या घटकांवर पद्धतशीर प्रयोग केले. सोडा आणि पोटॅश हे दोन्ही क्षार काचेत एकत्र असले की तापमापकाची खूण फार सरकते, हे त्या सुमारास जर्मनीत उघड झाले होते. मग एकच क्षार घालून, कमी सरकणारी अशी खास तापमापकाची काच जेनाला घडविली गेली. काचेचा दोष कळला, म्हणून तो कमी करता आला. आरंभ मात्र कोणीतरी तो दोष वर्षानुवर्षे टिपण्यापासूनच झाला.

१८८९ च्या ऑगस्टअखेर पॅरिसच्या विद्युतपरिषदेत एका एककाला ज्यूलचे नाव देण्यात आले. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी मँचेस्टरजवळच्या सेल येथे त्याचे निधन झाले. त्याच्या थडग्याच्या दगडावर ७७२.५५ हा आकडा कोरलेला आहे. मँचेस्टरच्या नगरभवनाच्या प्रवेशद्वाराशी डाल्टन आणि ज्यूल, गुरू आणि शिष्य, या दोघांचे पुतळे बसविलेले आहेत.

दगडावरचा आकडा आता थोडा मागे पडला आहे. पण त्याने ज्यूलचे मोठेपण उणे होते, असे मला वाटत नाही. जगाला मापण्यासाठी आपण सर्वच कसली ना कसली काचनळी हाती घेतो. कोणाची ती विज्ञानाची असते, कोणाची इतिहासाची, कोणाची वाङ्मयीन अभिरुचीची. तिच्यावरची खूण पक्की आहे असे समजून आपण दुसऱ्यांचे अंश वाचीत सुटतो. विद्यार्थिदशेत केलेली खूण चाळीस वर्षांनी तशीच असेल, याची हमी कोण देईल? ज्यूलने काचेला दोष दिला नाही आणि तिच्यावर आंधळा विश्वासही टाकला नाही. ठरावीक काळाने तो तिला बर्फात बुडवून पाहत राहिला. मित्रहो, बर्फ आपल्यालाही दुर्मीळ नाही. वेळोवेळी बुडवून पाहण्याची सवय तेवढी लागायला हवी.